विंगेतले तीन निळे दिवे

परभणीत कुणी विचारलं, तुम्ही काय करता, तर मी "लाइटचं काम" एवढंच सांगतो. त्यावर बहुतेक जण आपल्या घरातला बंद पडलेला पंखा आठवून माझ्याकडे आशेनं बघतात. खरं काम सांगायला वेळ लागतो. दुकान, दवाखाना, मंगल कार्यालय, नाट्यगृह अशा इमारतींत कुठला दिवा कुठं असावा, त्याचा उजेड किती असावा, तो कुठल्या बटणानं लागावा आणि कुठल्या बटणानं विझावा, हे मी ठरवतो. सोनाराच्या दुकानात सोन्यावर पिवळसर उजेड टाकायचा आणि चांदीवर पांढरा. साडीच्या दुकानात अशी चलाखी करायला गेलं तर बायका साडी घेऊन सरळ दारात उन्हात जातात, रंग बघतात आणि परत येऊन भांडतात.

एका व्यापारी संकुलाच्या स्वच्छतागृहात मी सेन्सर बसवला होता. आतला माणूस हलला नाही, तर थोड्या वेळानं दिवा आपोआप बंद. एक निवृत्त गृहस्थ तिथून बाहेर पडले ते थेट मला शोधत आले. "अहो इंजिनिअर, आत बसल्या बसल्या मी काय लेझीम खेळू का?" सगळे हसले. मीही हसलो आणि सेन्सरची वेळ वाढवून दिली. अंधारात ते बसले होते, मी नव्हतो, हे काही तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही.

आता लिहितोय ते दुसऱ्या एका अंधाराबद्दल. चार वर्षं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

हे काम मी कॉलेजात शिकलो असं माझ्या कार्डावर छापलंय. शिकलो ते मामांकडून. मामा म्हणजे नात्यानं कुणी नव्हेत. गावच्या जुन्या पत्र्याच्या थेटरात नाटकांना लाइट द्यायचे, आणि सगळा गाव त्यांना मामाच म्हणायचा. मी शिकत होतो तेव्हा संध्याकाळी तिथं जाऊन बसायचो. दिवे हळूहळू मंद करायला त्यांच्याकडे चिनी मातीचे उभे पाइप होते. त्यात मिठाचं पाणी, पाण्यात एक पत्रा खाली ठेवलेला, दुसरा दोरीनं वर-खाली करायचा. पत्रे जवळ आले की उजेड वाढतो, लांब गेले की कमी होतो. "मीठ कमी पडलं की सकाळ होत न्हाई बघ," मामा म्हणायचे. एकदा खरंच मीठ कमी पडलं होतं आणि नायक अर्धवट उजाडलेल्या अंगणात उभा राहून "केवढं हे लख्ख ऊन" म्हणाला होता. मामा ते पुढं कितीतरी वर्षं सांगत राहिले.

मामा बोर्ड घेऊन विंगेतच बसायचे. नट कुठं आहे, कुणाचा पाय कुठं आहे, हे बघून बोट हलवायचे. पडदा उघडण्याआधी त्यांचं एक काम ठरलेलं असे. विंगेतून उतरायच्या पायरीजवळ ते पत्र्याच्या डब्यात निळा झिरोचा बल्ब ठेवत आणि त्याची वायर आपल्या बोर्डावर न घेता थेट भिंतीतल्या लाइनला जोडत. रंगमंचावर पूर्ण अंधार केला तरी तो बल्ब चालू राही. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "ह्याला बटणच नको. बटण आलं की कुणीतरी दाबतंच."

पुढं शहराच्या कडेला एका शिक्षणसंस्थेनं मोठं नाट्यगृह बांधायला घेतलं. समोर दुकानांचे दोन मजले, मागं नाट्यगृह. दोन्हीच्या दिव्यांचं आणि नियंत्रणाचं काम मला मिळालं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम. लाइट चालवायला माणूस कोण, असं अध्यक्षांनी विचारलं तेव्हा मी मामांचं नाव सांगितलं. तेवढी एक गोष्ट मी चांगली केली असं मला बरीच वर्षं वाटायचं.

मामांनी दोनच गोष्टी मागितल्या. एक, बोर्ड विंगेत ठेव. दोन, निळ्या दिव्यांना बटण देऊ नको. लोकांपुढं ते मला साहेब म्हणत, दोघंच असलो की अरे-तुरे.

"मामा, आता असं नसतं," मी म्हणालो. "ऑपरेटर मागं असतो. प्रेक्षकांच्या मागं काचेची केबिन. सगळं समोरून दिसतं."

"समोरून नाटक दिसतंय रे. पाय दिसत न्हाईत."

मी हसलो. केबिन मागंच केली. दिव्यांच्या बाबतीत मात्र अर्धं ऐकलं. दोन्ही विंगांत एकेक आणि मेकअपच्या खोलीकडं उतरणाऱ्या पायऱ्यांवर एक, असे तीन निळे दिवे दिले. पण वायर घेतल्या त्या सिस्टिमवरच. सगळं एका जागेवरून चालावं हा माझा अभिमान होता. प्रोग्राममध्ये मी ब्लॅकआउटचं एक बटण ठेवलं. ते दाबलं की रंगमंचावरचा प्रत्येक दिवा विझावा आणि हे तीन तेवढे चालू राहावेत, अशी मांडणी केली. मामांना दाखवलं. ते म्हणाले, "चाललं. पण बटण हायच की."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी तालीम होती. मामा घरच्या कामाला पिंगळीला गेले होते, तेव्हा केबिनमध्ये मीच बसलो होतो. अध्यक्ष पहिल्या रांगेत. मी ब्लॅकआउट दिला आणि खालून त्यांचा आवाज आला.

"ते निळं निळं काय चमकायलंय?"

नवी फरशी पॉलिश केलेली होती. विंगेतल्या दिव्याची एक निळी रेघ रंगमंचावर पडत होती. मी इंटरकॉमवरून सांगितलं, ते नटांसाठी आहे.

"नटांना काय करायचंय, दोन मिनिटांचा तर कार्यक्रम. उद्या मोठी मंडळी येणार. पूर्ण अंधार पाहिजे, मग एकदम उजेड. धडकन. समजलं का?"

दिव्यावर एक पत्र्याची झापड बसवली असती तर ती रेघ गेली असती. त्यासाठी शिडी लावावी लागली असती, माणूस बोलवावा लागला असता. मी लॅपटॉपवर ते तीन दिवे ब्लॅकआउटच्या बटणात टाकले. दोन क्लिक. उद्घाटन झालं की काढून टाकू, असं मनाशी म्हणालो.

उद्घाटन झोकात झालं. धडकन उजेड पडला. अध्यक्षांनी माझ्या पाठीवर थाप मारली. दुसऱ्याच दिवशी पालमच्या एका मंगल कार्यालयाचं काम निघालं, मग आणखी एक. ते तीन दिवे माझ्या डोक्यातून गेले. मामांना मी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या लेखी बटण अजून तेच होतं.

महिन्याभरात तिथं हौशी नाटकांची स्पर्धा लागली. मी दुपारचा एक प्रयोग बघायला गेलो होतो. खरं म्हणजे माझेच दिवे बघायला. जिंतूरच्या मंडळाचं नाटक होतं, केबिनमध्ये मामा. त्यात आईचं काम करणारी बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. काय काम करत होती! दुसऱ्या अंकाच्या शेवटी ती मुलाची पेटी उचलून दाराकडं बघते, आणि अंधार. त्या अंधारात तिनं पेटीसकट विंगेतून निघून पायऱ्या उतरायच्या होत्या.

अंधार झाला. पेटी आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ एक ओरडणं. मग उजेड आला, तर रंगमंच रिकामा. लोकांना तो नाटकाचाच भाग वाटला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मीही टाळ्या वाजवल्या.

बाईंचं घोट्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. सळई घालावी लागली. संध्याकाळी मी फळं घेऊन दवाखान्यात गेलो, अर्धा तास बसलो. त्या म्हणाल्या, "सकाळी चालून बघितलं होतं हो, पायरीवर निळा दिवा होता. ऐन वेळी नव्हता." मी मान हलवली. तोवर माझ्या काही लक्षात आलं नव्हतं असं म्हणायला आवडेल. पण फळांची पिशवी खाली ठेवतानाच मला सगळं आठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्षांच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. मामा दाराजवळ उभे होते. बसा म्हणून कुणी म्हणालं नाही, मीही नाही.

"निळे दिवे कुणी बंद केले?"

"मी ब्लॅकआउट दाबला," मामा म्हणाले. "दुसरं कायबी न्हाई. त्यात ते दिवे जात न्हाईत."

"साहेब, तुम्ही जरा सिस्टिम तपासता का?" अध्यक्ष माझ्याकडं वळले.

मी एकटा केबिनमध्ये गेलो. लॅपटॉप उघडला. ब्लॅकआउटच्या यादीत ते तीन दिवे होते, मी टाकले तसेच. खाली जाऊन दोन वाक्यं बोलली असती तर काम संपलं असतं. फार तर अध्यक्ष ओरडले असते. समोरच्या दुकानांचं काम हातात होतं ते कदाचित गेलं असतं. मी ते दिवे यादीतून काढले, सेव्ह केलं, मग सगळ्यांना वर बोलावलं आणि त्यांच्यादेखत ब्लॅकआउट दाबला. रंगमंच काळा झाला. फरशीवर विंगेतली निळी रेघ तशीच राहिली, आणि लॅपटॉपवर तिन्ही दिवे चालू दिसत होते.

"सिस्टिम तर बरोबर आहे," मी म्हणालो.

खोटं असं एक अक्षर त्यात नव्हतं. त्या क्षणी सिस्टिम बरोबरच होती.

अध्यक्षांनी मामांकडं बघितलं. बाकीच्यांनीही. त्या बघण्यात शंका नव्हती, आणि ते मला आधीच माहीत होतं. जुना माणूस, शिक्षण नाही, आणि मामांची वस्ती कुठली ते सगळ्यांना ठाऊक. दोष त्यांच्यावर जायला काही लागलंच नाही. तो आपोआप उताराला लागला. मी शेतकऱ्याच्या चांगल्या घरचा, इंजिनिअर. त्या उताराचा मी फायदा घेतला, हे आज स्पष्ट लिहितो.

मामांनी त्या निळ्या रेघेकडं बघितलं. मग आपल्या उजव्या हाताकडं. "साहेबांनी तपासलंय म्हणल्यावर बरोबरच असंल," ते म्हणाले. "माझंच बोट दुसरीकडं पडलं असंल."

मी तयारी केली होती ती त्यांच्या रागाची. ते भांडतील, कांगावा करतील, मग मीही आवाज चढवीन. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःच्या बोटावरचा काढून घेतला. त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं गेलं.

त्यानंतर मी त्यांना कामं पाठवली. एका शाळेच्या सभागृहात, एका लग्नाच्या हॉलमध्ये. ते नको म्हणायचे. "बोटाचा भरवसा न्हाई राह्यला." मी म्हणायचो, "काहीतरीच काय मामा!" आणि फोन ठेवल्यावर मला हलकं वाटायचं. विचारलं तर होतं ना आपण. असा हिशेब मी चार वर्षं चालवला. नाट्यगृह बघून लोक मला कामं देत राहिले.

या वर्षी मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका द्यायला मी मोटारसायकलवर पिंगळीला गेलो. मामांचं घर दोन खोल्यांचं, ओट्यावर बुद्धाची लहानशी मूर्ती, समोर अंगणात बोअर. चहा झाला. नळाला पाणी नव्हतं म्हणून मामा उठले, भिंतीवरच्या मोटारीच्या पेटीजवळ गेले आणि तिथं उभे राहून सुनेला हाक मारली. ती भाकरी टाकून आली, बटण दाबलं, परत गेली.

"तुम्हीच दाबायचं की मामा," मी म्हणालो.

सूनच आतून बोलली. "ते दाबत न्हाईत दादा. चार वर्षं झाली. टीव्हीचंबी न्हाई, मिक्सरचंबी न्हाई. म्हणतेत, भलतंच दाबलं जाईल. हाताकडं बघत बसतेत, कापायलाय का म्हणून."

"गप बस गं," मामा म्हणाले आणि माझ्याकडं बघून ओशाळं हसले.

मी पत्रिका दिली, नमस्कार केला, निघालो. रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी होती, लांबलचक. तिचा शेवटचा डबा गेला, फाटक उघडलं, मागचे हॉर्न वाजवायला लागले. मी गाडी उलटी वळवली.

"काय राह्यलं?" मामा दारातच होते. "पत्रिका तर दिली की."

"मामा, त्या दिवशी तुमचं बोट चुकलं नव्हतं."

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. फरशीवरची निळी रेघ, दोन क्लिक, बाई पडल्याच्या दुसऱ्या दिवशीचे दोन क्लिक. सून दारात येऊन थांबली होती. मग मामांनी अगदी कामातला प्रश्न विचारला.

"म्हंजे मी ब्लॅकआउटच दाबलता?"

"तेच दाबलं होतं."

"नक्की?"

"नक्की, मामा."

त्यांनी मान हलवली. एकदा, दोनदा. मग विचारलं, "बाईला सांगितलं का तुमी?"

बाहेरचं कुणी नसताना ते मला कधी तुमी म्हणाले नव्हते.

"नाही."

"मग माझ्याकडं आधी कशाला आलात?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मी एस्टीनं जिंतूरला गेलतो. त्या बाईच्या पायावर डोकं ठिवून आलोय मी. आमच्या बापानं दीक्षा घेतली तवापासून ह्या घरातलं कुणी कुणापुढं वाकलेलं न्हाई. मी वाकलो. ते वाकणं कुणाचं होतं, सांगा बरं? तुमचं होतं. जावा. तुमचं तुमी करून या."

"मामा, मी..."

"माफीबिफी हितं नगं. आधी बाई. आन् त्या अध्यक्षाला कागदावर लिहून द्या."

मी आधी कागद लिहिला. मामांनी सांगितलेला क्रम मी तिथंही मोडला, कारण कागदाशी बोलणं सोपं होतं. अध्यक्षांनी तो वाचला, चष्मा काढला. "झालं गेलं, आता कशाला उकरता हो?" मग काहीतरी आठवून त्यांनी पुन्हा वाचला. "पूर्ण अंधार पाहिजे, असं मी म्हणालो होतो, ते यात आहे का?"

"नाही. बटणात मी टाकले."

"मग ठेवा," ते म्हणाले आणि कागद फाइलीत गेला. मामांना परत बोलवायचं का, असं मी विचारलं. "बघू," म्हणाले.

रविवारी गाडी घेऊन जिंतूरला गेलो. बाईंनी स्वतः दार उघडलं, हातात काठी. मला ओळखून त्या हसल्या. "या ना, सर. किती वर्षांनी!" पाणी आणलं. काठी टेकत पाणी आणताना ग्लास हिंदकळत होता, तेवढं बघून मी उठून निघून जायचं म्हणत होतो. बसलो. सांगितलं.

त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शिक्षिका धडा ऐकते तसं ऐकलं.

"तुम्ही त्या संध्याकाळी दवाखान्यात आला होता," त्या म्हणाल्या. "सफरचंदं घेऊन."

"हो."

"अर्धा तास बसला होता. मी दिव्याचं म्हणाले तेव्हा मान हलवली होती."

"हो."

"मी आईला म्हणाले होते, बघ, बाकी कुणी आलं नाही, हा एकच भला माणूस." मग आवाज उतरला. "आणि ते आले होते ना, तुमचे मामा. इथंच. पाया पडायला लागले, मी पाय मागंसुद्धा घेतला नाही. प्लास्टर होतं, पण घेता आला असता. म्हणाले, ताई, चूक झाली. मी म्हणाले, बोटं चालत नसतील तर बसता कशाला लोकांच्या जिवावर? घरी बसा आता." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "बरोबर हाय म्हणाले. चहासुद्धा विचारला नाही मी त्यांना."

मी म्हणालो, "तुमचा काय दोष? तुम्हाला माहीत नव्हतं."

"माझ्या दोषाचं तुम्ही मला सांगू नका."

त्या आत गेल्या. मला वाटलं आता दार लावून घेतील. दहा मिनिटांनी बाहेर आल्या त्या साडी बदलून, खांद्याला पर्स.

"पिंगळीला घर कुठं आहे त्यांचं?"

मी सांगितलं. गाडी बाहेर आहे, सोडतो, असंही म्हणालो.

"नको. एस्टी आहे."

"ताई, परभणीला उतरून पुन्हा दुसरी गाडी. पायानं..."

"ते गेले होते तेव्हा त्यांना कुणी गाडी दिली होती का?"

मी त्यांच्या मागं मागं स्टँडपर्यंत चालत गेलो. त्या मला जा म्हणाल्या नाहीत. परभणीची बस लागलेलीच होती. बसची पायरी उंच. मी हात पुढं केला. त्यांनी तो बघितला, काठी दारातल्या कंडक्टरकडं दिली, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि आधी चांगला पाय, मग दुसरा ओढून घेतला. त्याला बराच वेळ लागला. मागं रांगेत कुणीतरी म्हणालं, "अहो, तुम्ही सोबत आहात ना? धरा की बाईंना."

"मी सोबत नाही," मी म्हणालो.

बस निघाल्यावर मामांना फोन लावला. सुनेनं उचलून त्यांच्याकडं दिला.

"मामा, बाई निघाल्यात तुमच्याकडं. दुपारपर्यंत पोचतील."

"एकल्याच?"

"मला नको म्हणाल्या."

"बरं केलं." मागून अंगणातल्या भांड्यांचा आवाज येत होता. "त्यांना चढता-उतरता येतं का?"

"काठी लागते."

"मग सुनेला नाक्यावर पाठीवतो घ्यायला. ठिवा आता. घर झाडायचंय."